झग्याखालचा सौदा

"बाई, मंजूर आहे का?" कोर्टातल्या न्यायाधीश साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

गोजरबाईनं तडजोडीचा कागद हातात धरला होता, तोही उलटा. तिला वाचता येत नव्हतं. पण कारकुनानं आत्ताच तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. गुरांचे व्यापारी भगवानराव यांचे गोजरबाईकडे आठशे रुपये निघत होते. त्यातले दोनशे ते मोठ्या मनानं सोडणार. उरलेल्या सहाशेत धाड गावच्या बाजारासमोरचं तिचं दोन खणांचं घर त्यांच्या नावे व्हायचं. खाली तिच्या अंगठ्यापुरती जागा कोरी ठेवली होती.

"साहेब, मी घेतले दोनशे," ती म्हणाली. "दोनशे अन् वरचं व्याज घेऊन सहा महिने यांच्या दारात चकरा मारून राह्यली. घेत नाहीत. यायले पैसा नाही, घर पाह्यजे. बैलं बांधाले."

"कर्जाच्या चिठ्ठीवर आठशे आहेत. अंगठा तुमचाच ना?" भगवानरावांचे सुधाकर वकील म्हणाले.

"अंगठा माहा. आकडा त्यायचा."

भगवानरावांनी छातीवर हात ठेवला. गीतेवर सकाळीच ठेवून झाला होता. "वहिनी, मी खोटं काऊन बोलू? माह्या पोटात पाप नाही."

"पोटात जागा कुठं हाये," मागच्या बाकावरून बाजारातला पुंजाजी पुटपुटला. धाडचा अर्धा गुरांचा बाजार त्या बाकांवर बसला होता आणि अर्धा खिडक्यांना लटकला होता. फक्त बैल तेवढे यायचे राहिले होते.

या बाजारात नवऱ्यामागं दलाली गोजरबाईच करी. तिनं दोघांचे हात मिळवून दिले की अडेल बैलसुद्धा आपणहून नव्या धन्याच्या मागं चालू लागे, असं लोक शपथेवर सांगत.

"साहेब, उत्तर देते," ती म्हणाली. "पण आमच्याकडं सौदा तोंडानं होत नाही. हातावर कपडा टाकायचा, खाली हातात हात द्यायचा. धरलं एक बोट, तर शंभर. मले तसं बोलू द्या."

एप्रिलचं ऊन होतं. सकाळपासून साहेबांनी अकरा खटले ऐकले होते, आणि अकराही सारखेच होते. त्यांनी टाक खाली ठेवला. "होऊ द्या."

भगवानराव मनात हसले. बाई घासाघीस करणार. पन्नास कमी करू, घर आपलंच. त्यांनी बाही मागं सारली.

आता कपडा पाहिजे. गोजरबाईचा दलालीचा रुमाल घरी राहिला होता, आणि पदराखाली सौदा करायची रीत नव्हती. तिनं सुधाकर वकिलांच्या अंगावरच्या काळ्या झग्याकडे पाहिलं. वकिलांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. वकिलांनी झगा उतरवला.

झगा दोन हातांवर पडला. बाकं पुढं सरकली.

"आता सांगा भगवानराव," गोजरबाई शांतपणे म्हणाली. "ज्या दिवशी मी अंगठा केला, त्या दिवशी माह्या हातावर किती ठेवले? तेवढी बोटं धरा."

भगवानरावांनी हात मागं ओढायला घेतला. पण कपड्याखाली गेलेला हात बोटं धरल्याशिवाय बाहेर काढणं म्हणजे बाजारातून नाव काढून घेणं. हे त्यांनीच चाळीस वर्षं दुसऱ्यांना सुनावलं होतं.

"घाई नाही," ती म्हणाली. "तोंडाचं खोटं चालते. कागदाचंही चालते, ते आपण पाह्यलं. पण बोटाचं खोटं निघालं, तर येत्या बाजारी मी कोणाचा हात तुमच्या हातात देऊ?"

खिडकीतला एक जण खोकायचा होता, तो थांबला. झगा हलला. आठशेसाठी आधी पाच बोटांवर मूठ वळली असावी, कारण भगवानरावांचं कोपर वर आलं. मागं पुंजाजीनं घसा साफ केला. कोपर हळूहळू खाली गेलं. भगवानरावांच्या कानामागून घामाचा एक ओघळ निघाला, मानेवरून सदऱ्यात शिरला. मग झगा स्थिर झाला.

"किती?" साहेबांनी विचारलं.

गोजरबाई बोलली नाही. दलालानं आकडा फोडायचा नसतो.

"भगवानराव, किती?"

गीतेवर हात ठेवून आठशे म्हणालेला माणूस झग्याकडे बघत म्हणाला, "दोन."

वकिलांनी डोळे मिटले. साहेबांनी टाक उचलला, कागदावरचे सहाशे खोडले, घराची ओळ आडवी कापली आणि वर दोनशे अधिक व्याज असं लिहिलं. गोजरबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडून नोटा टेबलावर ठेवल्या. व्याजाचे चोवीस वेगळे, सुटे. मग कागद सुलटा करून घेतला आणि अंगठा असा दाबला की शाई पाठीमागं उमटली.

"आता मंजूर," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात सुधाकर वकिलांनी भगवानरावांना गाठलं. झगा अजून त्यांच्या हातातच होता. "भगवानराव, माझी फी राहिली."

 भगवानरावांनी झग्याचं टोक उचललं आणि खाली हात घातला.

"थांबा हो," पायरी उतरता उतरता गोजरबाई मागं वळली. "आधी माही दलाली बोला."