घराची चाकं

टायरवाल्याने दोन चाकं समोर ठेवली. एक रुंद, चकचकीत; दुसरं साधं, काळ्या लोखंडी डिस्कचं. आबा चितारी उकिडवे बसून दोन्हींवरून हात फिरवत राहिले. सावंतवाडीत चाळीस वर्षं त्यांनी लाकडी खेळण्यांना चाकं लावली होती, पण तळहातापेक्षा मोठं एकही नाही. आता मुलीच्या, शरयूच्या, हट्टापायी दोघांनी अंगणात प्लायवूडचं, थेंबाच्या आकाराचं, दोघं झोपतील एवढं घर बांधलं होतं. ते गाडीमागे जोडून ती त्यांना हिमालय दाखवणार होती. आबांनी आंबोलीचा घाटही कधी ओलांडला नव्हता. “घर हलात तेव्हा बघू,” एवढंच ते म्हणत.

“चकचकीत घ्या आबा, शोभून दिसेल,” टायरवाला म्हणाला.

“नको. आमच्या गाडीक जी चाका, तीच हेका घाल. वाटेत पंक्चर झाला तर एकच स्टेपनी दोघांक चलात.”

टायरवाल्याने चकचकीत चाक उचलून ठेवलं.

दुपारी अंगणात घराला चाकं बसली. शरयूने जॅक उतरवला. “ढकला, आबा.”

चारशे किलोचं घर! आबांनी पाय रोवले, श्वास कोंडला, तळवे टेकवून जेमतेम रेटलं. घर अलगद पुढे सरकलं, आवाजसुद्धा न करता. झोपलेलं जनावर हाताखाली हलावं तसे आबा दचकून मागे झाले.

“चलता गो ह्या!” ते कुजबुजले. मग शरयूकडे वळले.

“उद्या कितक्या वाजता निघूया?”