दातांतली फट

इस्फहानच्या दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या सूदाबेचा सासऱ्यांवर फार जीव. नेमतआगांच्या पुढच्या दोन दातांत मोठी फट होती, आणि सासूबाई गेल्यापासून त्यांनी हसणंच सोडलं होतं.

"आगाजान, डॉक्टर दातांवर पातळ पापुद्रे चढवतील. फट बुजेल, अगदी नवरदेवासारखे हसाल."

"नको गं पोरी. या वयात कशाला?"

तिनं पुन्हा विचारलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारलं, तरी नकोच. सूदाबे हसून म्हणाली, "पुरे झाले आढेवेढे. तुम्ही चहालासुद्धा तीनदा नको म्हणता आणि मग दोन पेले पिता." भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, एवढ्या मायेनं बोलणाऱ्या सुनेला चौथ्यांदा नको म्हणणं काही म्हाताऱ्याला जमलं नाही.

दात मोत्यासारखे झाले. गुरुवारी संध्याकाळी नेमतआगा नेहमीप्रमाणे बायकोच्या कबरीपाशी बासरी वाजवायला निघाले, तेव्हा सूदाबेही कधी नव्हे ती ऐकायला सोबत गेली. फातिहा म्हणून झाल्यावर त्यांनी बोरूची बासरी तोंडाला लावली, इकडून तिकडून लावून पाहिली. सूर काही उमटेना, नुसती हवाच गेली.

"काय झालं, आगाजान?"

त्यांनी बासरी हळूच कबरीवर ठेवली.



"ही बासरी दातांच्या फटीत धरूनच वाजते, पोरी. असू दे. आज तिला नुसतं हसून दाखवतो."