जाळी कोणी काढली

कारभारी भिंगारदिवे अंगणाच्या कडेला येऊन थांबला, तेव्हा मंगळू डाव्या हातात काठी धरून नागली झोडपत होता. उजव्या हाताला अंगठा तेवढा शिल्लक होता.

"सायेब?" मंगळूनं काठी खाली टाकली. "तुम्ही? इकडं, पाड्यावर? भागी, पाणी आण. आमचे फोरमनसायेब आलेत."

त्याच्या आवाजातला आनंद कारभारीला सोसवेना. "पाणी नको," तो म्हणाला. तरी भागीबाईनं तांब्या आणून ठेवला आणि नवऱ्याकडं न बघताच ती परत सुपाशी जाऊन बसली.

"आज रविवार ना? तुमचं चर्च असतं," मंगळू म्हणाला.

"मधूनच उठून आलो."

ते खरं होतं. अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. नाताळाआधीचा आगमनकाळ चालू होता, चार रविवार मन झाडून घेण्याचा. आज दुसऱ्या रविवारी पश्चात्तापाचं वाचन कारभारीकडं होतं. वीस वर्षं तो ते वाचत आला होता. आज दोन ओळी वाचल्या आणि पुढं आवाजच फुटेना. पुस्तक तसंच उघडं ठेवून तो खाली उतरला, भरलेल्या बाकांमधून बाहेर पडला आणि सीबीएस बसस्थानकावर जाऊन पेठच्या एसटीत बसला. बायकोलासुद्धा त्यानं काही सांगितलं नाही.

"मंगळू, खाली बस. तुला एक सांगायचंय."

"सांगा ना." मंगळू उभाच राहिला.

"कंपनीतल्या प्रेस मशीनची जाळी तू काढली नव्हतीस."

सुपाचा आवाज थांबला.

"मी काढली होती," कारभारी म्हणाला. "माल लवकर निघावा म्हणून. हात आत जाऊ नये म्हणून ती लावलेली असते, हे मला ठाऊक होतं. तू पाळीवर आलास तेव्हा मशीनला जाळी नव्हतीच. मी तुला सांगितलंही नाही. दवाखान्यात तू शुद्धीवर आलास, मला विचारलंस, सायेब, कसं झालं? तेव्हा मी..."

"तूच काढलीस, असं म्हणालात," मंगळू हळूच म्हणाला. "प्यालेला होतास, तुला आठवणार नाय, असं म्हणालात."

"हो."

"कंपनीत तसंच लिहून दिलंत."

"हो. माझी नोकरी गेली असती."

मंगळूनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. "आदल्या दिवशी प्यालो होतो. त्या दिवशी नाय. मला वाटायचं, नाय. पण तुम्ही खोटं कशाला बोलाल? सव्वा वर्ष झालं, सायेब. मला सपनात माझाच हात जाळी काढताना दिसतो. हाच."

त्यानं वाकून काठी उचलली. बोटं पांढरी पडतील इतकी घट्ट धरली. भागीबाई झटकन उठली. कारभारी जागचा हलला नाही. पडू दे एकदाची डोक्यात, असं त्याला वाटलं. निदान काहीतरी फिटेल.

पण भागीबाई कारभारीकडं आलीच नाही. ती नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली.

"तू म्हणायचा, भागी, मला काय आठवत नाय. मी म्हणायची, बेवड्याला कसं आठवल? पोरींच्या देखत म्हणायची." तिनं त्याचा तुटका हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मंगळूच्या हातातली काठी गळून पडली.

त्या दोघांच्या मध्ये कारभारीला जागा नव्हती. तो माफी मागायला आला होता. एसटीत सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. ते आता त्यानं मनातच ठेवलं.

"उद्या सकाळी कंपनीच्या साहेबांसमोर हेच सांगतो," तो कसाबसा म्हणाला. "लेखी देतो. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"उद्याचं उद्या," मंगळू म्हणाला. त्यानं डोळे पुसले नाहीत. "आधी आयला सांगा. माझ्या पोराचा हात दारूनं खाल्ला, असं पाड्यात सगळ्यांना सांगत फिरते ती. माझ्याशी बोलत नाय."

पडवीत त्याची आई धोंडाबाई पाय पसरून उन्हाला बसली होती. कारभारी तिच्यापुढं उकिडवा बसला.

"आजी, मंगळू त्या दिवशी प्यालेला नव्हता. चूक माझी होती."

म्हातारी नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तिला कमी ऐकू येतं," मागून मंगळू म्हणाला. "मोठ्यानं बोला."

कारभारीनं आवाज चढवला. शेजारच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हंडे घेऊन निघालेल्या दोघी वाटेत थांबल्या. कोणीतरी घरातला रेडिओ बंद केला.

"काय म्हणतो हा?" धोंडाबाईनं विचारलं.

कारभारी उठून उभा राहिला. सगळा पाडा आता त्याच्याकडंच बघत होता. त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "तुमच्या पोराची चूक नव्हती! माझी होती! मी खोटं बोललो!"

म्हातारीची नजर कारभारीवरून सरकली, अंगणात उभ्या असलेल्या मंगळूवर गेली आणि तिथंच राहिली. खूप वेळानं तिनं एक हात कानामागं धरला.

"आणखी एकदा बोल," ती म्हणाली.