तबकडीमागची नावं

घड्याळ दुरुस्त झालं की पितळी तबकडीच्या पाठीवर टोच्यानं आपलं नाव आणि तारीख कोरायची, ही आम्हा लँकेशायरच्या घड्याळजींची रीत.

थ्रेलफॉलबाईंच्या दुरुस्तीला आलेल्या उंच घड्याळात माझ्या आजोबांचं नाव होतं, त्याखाली वडिलांचं. दोघंही नाव कोरल्यावर पुढच्याच रविवारी गेले. आज शनिवार.

"मी नाही कोरणार," मी बायकोला म्हणालो.

"चॅपलात खड्या आवाजात स्तोत्रं गाता आणि पितळेला भिता होय?" ॲग्नेस हसली.

मी चाकांना नुसतं तेल घातलं, न कोरताच तबकडी बसवली आणि प्रभूचं नाव घेत घड्याळाचं दार लावलं.

"हात धुवा, वाढते," म्हणत ॲग्नेसनं माझा हात उजेडात धरला आणि थबकली.

"अहो, नखांत ही पितळेची पूड कुठली?"