शनिवारच्या लग्नातले पाहुणे

भाताच्या कुकरनं फुस्सकन वाफ सोडली आणि इनजू दचकली. दाओन कूस बदलून पुन्हा झोपेल असं वाटलं होतं, पण नाही. साडेचार वर्षांची पोर डोळे चोळत उठली आणि थेट आईच्या मांडीवर येऊन बसली.

“आज आजीचं जेवण ना?”

“हो गं. बाबा फळं घेऊन आले की मांडायचं.”

सासूबाईंचं पाचवं वर्षश्राद्ध होतं. माशाचे काप अंड्यात बुडवून तळून झाले होते, तीन भाज्या झाल्या होत्या. बैठ्या टेबलावर फोटो मांडलेला. अंगात नवऱ्या मुलाच्या आईनं लग्नात घालायचा निळा पोशाख, हानबोक, आणि डाव्या भुवईखाली तीळ. तो इनजूच्या लग्नातल्याच फोटोतून कापून घेतला होता. जुन्या घराला आग लागली तेव्हा बाकीचे फोटो जळून गेले, असं तिचा नवरा ग्युहो सांगायचा. लग्नाला पाच महिने होतात न होतात तोच त्या गेल्या. इनजू तेव्हा पोटुशी. पोटुशीनं मयताला जाऊ नये म्हणून ग्युहो एकटाच गावी जाऊन सगळं उरकून आला होता.

दाओननं जाऊन आजीच्या तिळावर बोट टेकवलं. रोजचा खेळ तो.

इनजू पुन्हा टॅबकडे वळली. लग्नाच्या हॉलमधल्या प्रत्येक टेबलावर क्यूआर कोडचं कार्ड असतं. पाहुण्यांनी काढलेले फोटो तिथून तिच्याकडे येतात. हललेले काढून टाकायचे, चेहऱ्यांनुसार लावायचे, दोन्ही घरांना पाठवायचे. मूल सांभाळून होणारं काम. शिकताना सरावाला तिनं स्वतःच्या लग्नाचे फोटो टाकले होते, ते अजून सगळ्यात तळाशी होते.

शनिवारच्या लग्नातले चारशे फोटो आले होते. मैत्रिणींचे लावून झाले होते, घरच्यांचे राहिले होते. तेवढ्यात फोन वाजला. त्याच लग्नातल्या नवऱ्या मुलाची मोठी बहीण, मिसुक.

“इनजूताई, तुमच्या त्या यंत्राला चेहरे ओळखता येतात ना? आधीच्या लग्नांतलेसुद्धा?”

“येतात. पण का हो?”

“नवरीच्या मैत्रिणी मला भाड्याच्या वाटतात. एक म्हणते शाळेतली ओळख, दुसरी म्हणते चर्चमधली. आणि नवरीचं आडनाव विचारलं तर दोघी केकबद्दल बोलायला लागल्या!”

इनजूला हसू आलं. “लाजल्या असतील.”

“लाजतील कसल्या! हल्ली भाड्यानं काहीही मिळतं. तिची आई मात्र अस्सल हं. अशी रडली, की आमच्या आईनंही रुमाल काढला. त्या माउलीकडे बघून मी गप्प आहे. पण एक जरी चेहरा सापडला ना, तर हनिमून करून जेजू बेटावरून आल्यावर त्या मुलीची बॅग आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. सहापर्यंत कळवा.”

इनजूनं सगळी जुनी लग्नं एकत्र लावली, कामावरच्या इतरांनी लावलेलीसुद्धा. पिवळ्या कोटातल्या मैत्रिणीवर बोट ठेवलं. पडद्यावर तोच चेहरा असलेले फोटो सरसर जमले. गेल्या महिन्यात तीच मुलगी कुणाची तरी मामेबहीण होती. मार्चमध्ये कुणाच्या तरी ऑफिसातली.

फोटोंत नवरी अंगठी पुन्हा पुन्हा चाचपत होती. तेवीस-चोवीसची असेल. इनजूनं ग्युहोला फोन लावला.

“दाओनच्या आई, सफरचंदं घेतली. नाशपाती घेऊ?”

“सासूबाईंना आवडायची का?”

“तिला... सगळंच आवडायचं.”

इनजूनं पिवळ्या कोटाचं सांगितलं.

“तू बघितलंसच कशाला?”

“अहो, काम आहे माझं.”

“नसेल तिला कोणी. रिकाम्या खुर्च्या मांडून लग्न करायचं का तिनं? खुर्च्या खोट्या म्हणून माणूस खोटं होतं का? लिहून टाक, कोणी सापडलं नाही.”

“एवढे का तापताय?”

“तापत नाही. बस आली, ठेव.”

ती टॅबकडे बघत बसली. तिच्या वडिलांनीही अट घातली होती, घरचं माणूस बघितल्याशिवाय मुलगी देणार नाही. मग सासूबाई आल्या, मोजकं बोलल्या, वडिलांना वाकून नमस्कार केला आणि सगळं जुळलं. नसत्या आल्या तर? आपणही अशीच अंगठी चाचपत बसलो असतो.

तिनं मिसुकला लिहिलं, “पाहिलं. एकही चेहरा जुळत नाही.”

मिनिटभरात उत्तर आलं. “बरं झालं बाई. उगाच पाप लागलं असतं मला.”

इनजूला मोकळं वाटलं. खोटं लिहूनही. ती उठली, भात वाढायला वाटी घेतली, भाज्यांत मीठ कमी राहिलंय का बघितलं. उगाच पुन्हा हात धुतले.

“आई, आजी!”

“फोटो हलवू नकोस गं, पडेल.”

“तो नाही. इथे बघ.”

दाओन टॅब घेऊन बसली होती. तिच्या इवल्याशा बोटाखाली शनिवारची नवरी होती, आणि तिचा हात धरून गुलाबी हानबोकमधली तिची आई डोळे पुसत होती. डाव्या भुवईखाली तीळ. पडद्यावर फोटो अजून जमतच होते. दुसरी नवरी, तिसरी, एक उंच नवरा, पुन्हा एक नवरी, प्रत्येकाशेजारी तीच बाई, तोच रुमाल. सगळ्यात तळाशी निळा हानबोक, आणि शेजारी ग्युहो.

बाहेरून दाराच्या कुलपावर आकडे दाबल्याची टिकटिक झाली. फळांची पिशवी दारावर घासली.

“आई,” दाओननं विचारलं, “मेल्यावर लग्नांना जाता येतं?”