नाव कमी करण्याचे कारण

शिपायानं आत सोडलेल्या माणसानं मोबाइल टेबलावर ठेवला. पडद्यावर विद्यापीठाचा मेसेज होता : ‘आपल्या पाल्याने शिक्षण सोडल्यामुळे नाव पटावरून कमी केले आहे.’

“पोरगी वारली माझी, मागच्या महिन्यात, काविळीनं. नाव कमी केलंत, त्याचं काही नाही मॅडम,” तो म्हणाला, “पण तिनं शिक्षण सोडलं नव्हतं. दवाखान्यातसुद्धा उशाशी पुस्तक होतं. तेवढं दुरुस्त करा.”

विद्यापीठाचा संगणक विभाग सांभाळणाऱ्या मृणालिनीनं मेसेज पुन्हा वाचला. कॉलेजनं मुलगी गेल्याचं कळवल्यावर नाव तिनंच काढलं होतं. कारण निवडल्याशिवाय सिस्टीम पुढं जात नव्हती आणि यादीत कारणं तीनच : महाविद्यालय बदलले, कॉपी प्रकरण, शिक्षण सोडले. त्यातल्या त्यात बरं म्हणून तिनं शेवटचं निवडलं. ती यादीही तिनंच बनवलेली. विशीतली पोरंही मरतात, हे तेव्हा तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिनं यादी उघडली, चौथी ओळ वाढवली. एकच शब्द लिहायचा होता, बोटं चालेनात.

त्यानं ते पाहिलं आणि तोंड खिडकीकडं फिरवलं.

“लिहा मॅडम. मी बघत नाही.”