डोळ्याचं आडनाव

कृत्रिम डोळ्याच्या चाचणीत अंबादास पुन्हा नापास झाला. आता बसचं स्टिअरिंग कायमचं सुटणार होतं.

परीक्षक वैजयंतीला राहवेना. तिने चाचणीचा प्रोग्रॅम उलगडून पाहिला. तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर एका बड्या चिप-कंपनीचा होता आणि त्याने आत एक प्रश्न पेरून ठेवला होता: डोळ्यातली चिप कोणाची? परक्या कंपनीची निघाली, की तोच हिशेब मुद्दाम लांबच्या वाटेने, म्हणजे डोळा मंद ठरून नापास.

तिने चिपमधलं फक्त कंपनीचं नाव बदलून त्या बड्या कंपनीचं घातलं. डोळा झटक्यात पास झाला.

“असंच राहू दे,” ती हळूच म्हणाली. “कुणाला कळणार नाही.”

अंबादास म्हणाला, “खोली भाड्याने मिळावी म्हणून आडनाव लपवलंय, मॅडम. आता डोळ्याचंही लपवायचं?”

वैजयंतीने जुनं नाव परत घातलं आणि निकालात लिहिलं: डोळा पास, चाचणी नापास.